मला नको, एवढंच

"सहा मटण, एक साधं," मामांनी टेबलावर थाप मारून सांगितलं.

"पाच मटण, दोन साधी," मी म्हणाले.

वाढपी थबकला. त्यानं माझ्याकडं नाही, मामांकडं बघितलं. मामा म्हणजे माझे सासरे, रंगराव इंगवले. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मामांचा आवाज असा की पलीकडच्या टेबलावरची माणसंही आपलीच ऑर्डर चुकली की काय म्हणून मागं वळून बघायची.

राधानगरीच्या पुढं, फोंडा घाट उतरायच्या अलीकडचं ते हॉटेल. मामांच्या मते त्या रस्त्यावर शहाण्या माणसानं थांबावं असं ते एकच ठिकाण. बाहेर भाड्याची ट्रॅक्स उभी होती. सहल मालवणची, आणि ती काढली होती जावयासाठी. इचलकरंजीचे जावईबापू, माझी नणंद प्रमिलाताई, मामा, आत्या, माझा नवरा रणजित, ड्रायव्हर शिवा आणि लग्नाला जेमतेम तीन महिने झालेली मी. एक साधं ताट कुणाचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. आत्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि माळकऱ्याला मांसमच्छी वर्ज्य.

"दुसरं साधं कुणाला?" मामांनी विचारलं.

"मला."

"आज बुधवार. बुधवारचा कसला उपास?"

"उपास नाही मामा. मी मटण खात नाही."

प्रमिलाताई हसल्या. "खात न्हाई काय! गेल्या रविवारी तांबडा रस्सा कुणी केलावता? मी दोनदा मागून घेतला."

"केला मीच होता. खाल्ला नव्हता."

तीन महिने घरात हे कुणाला कळलं नाही, त्यात माझी काही हुशारी नव्हती. आमच्या घरी पुरुष आधी जेवायचे, बायका मागून. मागून जेवणाऱ्या बाईच्या ताटात काय आहे हे बघायला कुणाला सवड असते? चुलीपाशी मी आणि आत्या दोघीच बसायचो. मटण मी मन लावून करायची, मीठ बघायला वाटीभर रस्सा रणजितला द्यायची. पण जेवताना आत्या आमटी-भात घ्यायच्या आणि मीही आमटी-भातच. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या ताटाकडं एकदा बघितलं, आमटीचं भांडं माझ्याकडं सरकवलं आणि विषय संपला. गोची झाली ती सहलीला निघाल्यामुळं. सहलीत सगळ्यांना एका टेबलावर बसावं लागतं.

"का खात न्हाईस?" मामा म्हणाले.

"मला नको वाटतं."

"नको वाटतं म्हंजे?"

"म्हणजे नको वाटतं."

हे उत्तर कुणालाच पचेना. जावईबापू मनानं चांगले. ते मला कारणं शोधून द्यायला लागले. "ल्हानपनी बोकड पाळलावता काय वहिनी? कापताना बघितलासा आसंल."

"नाही."

"मग माहेर माळकऱ्याचं?"

"नाही हो. वडील खातात, भाऊ तर रोज खाईल."

"डॉक्टरनं सांगितलंय?"

"नाही."

"मग निस्ता पांढरा रस्सा प्या की. त्यात मटन कुठं दिसतंय?"

मी म्हटलं, "भाऊजी, मला दिसण्याची अडचण नाही. मला नकोय."

ताटं आली. माझ्या ताटात बटाट्याची पाणीदार भाजी, दोन भाकऱ्या, कांदा, चटणी. चटणी झणझणीत होती आणि भाकरी तव्यावरची गरम. मी खायला सुरुवात केली तेवढ्यात मामांनी आपल्या ताटातली मोठी फोड उचलली आणि माझ्या भाकरीवर ठेवली.

"सासऱ्यानं वाढलेलं टाकायचं नसतंय," ते म्हणाले. "इंगवल्यांच्या घरात मटन न खानारी सून आजपातूर आली न्हाई. माझी आई नव्वदीत, तोंडात दात न्हवता, तरी नळी चोखायची. खा."

सगळे माझ्याकडं बघत होते. रणजितनं टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. त्याचा अर्थ मला बरोबर कळला, खा एकदाचं आणि मिटव. माझी आई म्हणायची, हिला भिंतीत चिणली तरी ही विटांशी भांडेल. मी ताट अलगद बाजूला सरकवलं आणि वाढप्याला हाक मारली.

"दुसरं साधं ताट आणा. स्वच्छ धुतलेलं."

मामांच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. पण जावयासमोर ते काही बोलले नाहीत. शिवानं मान खाली घालून भराभर जेवण उरकलं आणि गाडीत जाऊन बसला.

घाट लागला. गाडीत मामा पुढं, मागं सगळे गप्प. गाडीत माणसं गप्प बसली की जावयाला वाटतं आपलाच मान राहिला नाही. म्हणून जावईबापूंनी विषय काढला आणि नेमका नको तो काढला.

"आत्यांनी माळ कधी घातली हो मामा? मी लगीन केलं तवापासनं बघतोय."

मामा खुलले. ही त्यांची आवडती गोष्ट होती. "ह्यो आपला रंजा पाच वर्साचा आसताना विषमज्वर झाला. डॉक्टरबी मान हलवाय लागला. आमच्या आईनं नवस बोलला, पोरगं उठून बसलं तर सून माळ घालील. पोरगं उठलं आनि पयल्यांदा काय म्हनलं म्हाईत हाय? भाकरी द्या म्हनलं! लगेच दुसऱ्या एकादशीला माळ. नवस म्हंजे नवस. त्यात वर्स-दोन वर्स असं काय नसतंय. जलमभर पाळायचा. हिनं एका शब्दानं का म्हनलं न्हाई."

मी विचारलं, "नवस आजींनी बोलला होता ना?"

"आईनंच."

"आणि माळ आत्यांनी घातली?"

"मग? सुनंनं घालायची न्हाई तर काय मी घालायची?"

जावईबापू खोखो हसले. रणजितही हसला. ज्याच्यासाठी नवस होता तो. आत्या खिडकीतून खालच्या झाडीकडं बघत होत्या. त्या आचऱ्याच्या. समुद्राकाठच्या बाईला घाटावर दिलेली. माहेरचं घर आता बंद, भाऊ मुंबईला. गाडी घाट उतरून सपाटीला लागली आणि रस्त्याकडेला कुणीतरी सुकट वाळत घातली होती, तिचा भपकन वास आला.

"काच लावा रे, घान वास मारतोय," प्रमिलाताई म्हणाल्या.

सगळ्यांनी काचा लावल्या. आत्यांनी त्यांच्या बाजूची लावली नाही.

कणकवलीला मामांनी गाडी थांबवली, एकटेच खाली उतरले आणि मठाजवळच्या दुकानातून काहीतरी घेऊन आले. कागदाची पुडी उघडून त्यांनी माझ्यापुढं धरली. आत तुळशीची नवीकोरी माळ होती.

"ही घे. घाल गळ्यात," ते म्हणाले. आवाज चक्क मऊ होता. "मला सुचलंच न्हवतं बघ. माळ घातलीस की प्रश्न मिटला. सासू माळकरी, सूनबी माळकरी. गावात कोन काय बोलनार न्हाई, उलट चांगलं म्हनतील. मग खाऊ नको मटन. आम्ही कोन तुला आग्रह करनार?"

"लोक म्हनतात आधी पोटोबा, मग विठोबा," जावईबापू म्हणाले. "तुमी तर पोटोबाचं भांडान मिटवाय विठोबाला बोलवून आनलासा."

सगळे हसले. गाडीतली हवा एकदम हलकी झाली. मामांनी माझ्यासाठी वाट काढली होती आणि त्यांना स्वतःचं कौतुक वाटत होतं. मी ती माळ हातात घेतली असती तर पुढचं सगळं आयुष्य सुखाचं झालं असतं, हे मलाही दिसत होतं.

"नको मामा," मी म्हटलं.

"आता ह्येबी नको?"

"माळ ज्यांना भावते त्यांनी घालावी. मला देवासाठी काही सोडायचं नाहीये. मला मटण नको आहे, म्हणून मी खात नाही. देवाला मध्ये कशाला घालायचं?"

"अगं, निस्तं घालायला काय जातंय तुजं?" प्रमिलाताई म्हणाल्या.

"जातंय. उद्या मला खावंसं वाटलं तर?"

हे माझ्या तोंडून अगदी सहज गेलं. मामा तांबडेलाल झाले. "म्हंजे तू ठरवनार! आज नको म्हनून नको, उद्या हवं म्हनून हवं! घर हाय का धरमशाळा?" त्यांनी पुडी बंद करून सदऱ्याच्या खिशात घातली. "ऐक. दोन वाटा हाईत. खा, न्हाईतर माळ घाल. दोन्ही नको आसलं तर उद्या दुपारी मालवनास्नं कोल्हापूरची येष्टी हाय. म्हायेरी जा. बापाला इचार, पोरगीला काय शिकवलंस. त्यानं सांगितल्यावर ये."

मी रणजितकडं बघितलं. तो शिवाच्या डोक्यामागच्या आरशात बघत होता.

मालवणला लॉजवर सामान टाकल्यावर तो मला म्हणाला, "वैजू, एक दोरा तर आहे. घाल आणि मोकळी हो. तुला खायचं नाहीच आहे."

"खायचं नाही तर दोरा कशाला?"

"लोकांना कारण लागतं."

"मी कारण दिलंय."

"ते काय कारण झालं?"

"तुम्हाला कारलं आवडत नाही. गेल्या आठवड्यात ताटातलं कारलं तुम्ही मोरीत टाकलंत. मामांनी तुमच्या गळ्यात काय बांधलं?"

तो म्हणाला, "कारल्याचं वेगळं असतं." काय वेगळं असतं ते मात्र त्याला सांगता येईना, म्हणून तो जावईबापूंबरोबर होडी बघायला निघून गेला. मला रडू आलं. मटणासाठी नाही, आईशपथ. लग्न झालेल्या बाईनं साधं नको म्हटलं तर ते एकट्यानं उभं राहू शकत नाही, त्याला देव, वैद्य नाहीतर बोकड टेकू म्हणून लागतो, याचा मला भयंकर राग आला होता.

उन्हं कलल्यावर आत्या म्हणाल्या, "चल माज्यासंगं." आम्ही दोघी किनाऱ्यावर गेलो. तिथं रापण ओढत होते. दोन्हीकडून माणसं दोर ओढत मागं सरकत होती आणि मोठं जाळं हळूहळू वाळूवर येत होतं. आत्या पदर कमरेला खोचून अगदी पाण्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. जाळ्यात चांदीसारखं काही उडायला लागलं.

"पेडवे," त्या म्हणाल्या. "आनि त्ये लांबटं, त्या तारल्या. त्यो बांगडा." एक म्हातारी टोपली घेऊन आली, तिनं आत्यांच्या गळ्याकडं बघितलं आणि त्यांना न विचारता पुढं गेली.

परत येताना त्या अचानक म्हणाल्या, "तुला खरंच खावंसं वाटत न्हाई?"

"नाही आत्या."

"वास आला तरी?"

"तरी नाही."

त्या थोडा वेळ चालत राहिल्या. "मला वाटतंय," त्या म्हणाल्या.

मी थांबले. त्या थांबल्या नाहीत.

"माळ घातल्यावर पयल्यांदा म्हायेरी गेल्ते. आईनं ताटात बांगडा वाढला. मग तिला आठवलं. तिनं तो उचलून न्हेला नि मागल्या दारी जाऊन रडली. मला वाटलं, आपुन रडावं तर ही का रडाय लागली? मग मी म्हायेरी जायाचंच कमी केलं."

"तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं? पोराच्या जिवापरीस बांगडा मोठा हाय म्हनून सांगू?" त्या म्हणाल्या. "ह्या घरात मला कुनी इचारलंबी न्हाई. सासूनं नवस बोलला तवा मी पोरापाशी बसलेवते, पलीकडच्या खोलीत. मला मागनं कळलं."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला, पण लॉज दिसायला लागल्यावर सोडवून घेतला.

सकाळी लॉजच्या समोरच्या खानावळीत आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं मिळालं. मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्लं. वाटलेल्या खोबऱ्याचा तो दाट रस्सा, त्यात ते टपोरे काळे वाटाणे, आणि जाळीदार आंबोळी. मी चार खाल्ल्या. प्रमिलाताई माझ्याकडं दयेनं बघत होत्या. शाकाहारी माणूस ताव मारून जेवतोय हे मांसाहारी माणसाला पटतच नाही. त्याला वाटतं बिचारी मन मारतेय. मी पाचवी मागवली ती मुद्दाम.

त्यानंतर मी एकटी एसटी स्टँडवर गेले, कोल्हापूरच्या गाडीची वेळ विचारली, लॉजवर येऊन कपडे पिशवीत भरले आणि दुपारी पिशवी घेऊनच जेवायला गेले.

तीच खानावळ. घराच्या पडवीत चार टेबलं, आणि वाढायला मालकीणबाई स्वतः. जावईबापूंसाठी सुरमई, प्रमिलाताईंसाठी कोळंबी, मामांच्या ताटात तळलेल्या सुरमईचे दोन जाड तुकडे येऊन पडले होते. मामांनी माझी पिशवी बघितली. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पुडी काढली, माळ बाहेर घेतली आणि माझ्या रिकाम्या ताटाशेजारी ठेवली.

"शेवटचं इचारतो," ते म्हणाले.

"विचारू नका मामा. गाडी दोनला आहे, मी बघून आलेय. जेवते आणि निघते. तुम्ही मला पाठवत नाही, मी जातेय. आणि वडिलांना काही विचारणार नाही. त्यांच्या घरीही मी मटण खात नव्हते, ते विचारायचे नाहीत."

"वैजू," रणजित म्हणाला.

"तुम्ही जेवा."

मामा म्हणाले, "आगं, पर का? येवढं तरी सांग. चार मान्सात मला तोंड दाखवाय काय तरी कारन दे!" त्यांच्या आवाजात राग होता, पण पहिल्यांदाच थोडी अजिजीही होती. मला वाटलं, खोटं सांगावं. म्हणावं, बोकड पाळला होता. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण मी मिटवायला बसले नव्हते.

"मला नको, एवढंच. उद्या हवंसं वाटलं तर खाईन. तेव्हाही कुणाला विचारणार नाही."

"खाशील?" हे आत्यांनी विचारलं.

सगळ्यांनी वळून बघितलं. चार माणसांत त्या कधी मध्ये बोलत नसत.

"खाईन आत्या."

"आनि कुनी का म्हनून इचारलं तर?"

"हेच सांगीन. मला हवंय."

"बास?"

"बास."

आत्यांनी डोक्यावरचा पदर मागं सारला, दोन्ही हात गळ्यापाशी नेले आणि माळ डोक्यावरून काढली. डोळ्यांना लावली, कपाळाला लावली, रुमालात गुंडाळून बटव्यात ठेवली. घाई नाही, काही नाही. देवघरातलं काम करावं तसं केलं. मग हात लांब करून माझ्या ताटाजवळची नवी माळ उचलली आणि मामांच्या पुढ्यात, सुरमईच्या ताटाच्या कडेला ठेवली.

"हे काय?" मामा म्हणाले.

"रंजाचा नवस."

"म्हंजे?"

"तेवीस वर्सं मी पाळला. न चुकता. एकदाबी मोडला न्हाई, देवाला म्हाईत हाय. आता तुमी पाळा. आई तुमची, पोरगाबी तुमचाच की. नवस म्हंजे नवस, काल तुमीच म्हनलासा. जलमभर पाळायचा."

"डोकं फिरलं काय तुजं? जावई बसल्यात!"

"बसूंद्यात. त्यास्नीबी कळूंदे."

रणजितनं हात पुढं केला. "आई, मी घालतो. नवस माझ्यासाठीच होता. दे मला."

आत्यांनी त्याचा हात बाजूला केला. "तू न्हाई. तू तवा पाच वर्साचा हुतास, तुला कुनी इचारलं न्हवतं. मलाबी न्हवतं इचारलं. ह्यास्नी म्हाईत हुतं. हे त्या खोलीत बसलेवते, आईच्या शेजारी. का म्हनायचं तर तवाच म्हनायचं हुतं." मामांकडं बघून त्या म्हणाल्या, "पाळा न्हाईतर पाळू नका. मी सांगनार न्हाई. तुमच्या लेकाचा जीव, तुमी बघा."

मालकीणबाई तळलेल्या बांगड्यांची ताटली घेऊन केव्हाच्या दारात उभ्या होत्या. पुढं यावं की मागं जावं त्यांना कळत नव्हतं. "कोणाक वाढू?" त्यांनी हळूच विचारलं.

"माका वाढ गो बाय," आत्या म्हणाल्या. "आणि तिकला आसा तर ता पण हाड."

मला वाढ आणि माशाचं तिखट कालवण असेल तर तेही आण, असं त्या मालवणीत म्हणत होत्या. मी त्यांच्या तोंडून ती बोली कधीच ऐकली नव्हती. रणजितनंही नव्हती. घाटावर आल्यावर पहिल्या वर्षी सगळे हसले म्हणून त्यांनी ती सोडली होती, हे मला पुढं कधीतरी कळलं. मालकीणबाईंचा चेहरा मात्र उजळला. "खंयची गो तू?"

"आचऱ्याची."

"मगे आदी सांगूक नाय!" म्हणत त्यांनी दोन बांगडे वाढले.

आत्यांनी बांगड्याला हात घातला. मला वाटलं होतं त्या रडतील, त्यांचा हात थरथरेल. तसलं काही झालं नाही. त्यांनी बोटानं मधला काटा अलगद उचलून एका ओढीत वेगळा केला, मांसाचा तुकडा भाताबरोबर तोंडात घातला, डोळे मिटले आणि चावल्या. मग दुसरा घास. मग तिसरा. डोकं सोडलं नाही, तेही चोखून खाल्लं. प्रमिलाताई हातातली कोळंबी हातातच धरून आईकडं बघत होत्या. जावईबापू एकदा खाकरले आणि पाणी प्यायले.

दुसरा बांगडा संपवताना आत्यांनी मान वर केली. "वैजू, पिशवी खाली ठेव," त्या मला म्हणाल्या. "तुझं साधं ताट येतंय. जेव पोटभर. तुला कुनी येष्टीत बसवत न्हाई. बसवाय आलंच कुनी तर त्या गाडीत मीबी चढीन, आनि मग घरात चूल कोन पेटवतंय ते बगू."

मी पिशवी खाली ठेवली. मामांकडं बघितलं. त्यांनी माळ गळ्यात घातली नव्हती, पण बाजूलाही केली नव्हती. सुरमईचे दोन्ही तुकडे ताटात तसेच होते, निवत होते. त्यांचा हात दोनदा ताटाकडं गेला आणि दोन्ही वेळा मांडीवर परत आला. ते एकदा रणजितकडं बघत होते, एकदा माळेकडं. नवसाला ते भीत होते, हे मी पहिल्यांदा बघितलं. तेवीस वर्षं भ्यायचं काम त्यांनी दुसऱ्याकडं सोपवलं होतं.

माझं ताट आलं. डाळ, भात, वालाची उसळ, पापड. मी जेवायला लागले. कुणी माझ्या ताटात बघितलं नाही. बाहेर कुठंतरी गाडीचा हॉर्न वाजला, दोनची असेल किंवा दुसरीच. मालकीणबाई आत्यांना तिसरा बांगडा वाढायला आल्या, तेव्हा मामांनी सुरमईचं ताट हातानं बाजूला सरकवलं. मग घसा साफ करून, एवढ्या बारीक आवाजात की मालकीणबाईंना वाकून ऐकावं लागलं, ते म्हणाले,

"वरण हाय काय?"

"आसा," मालकीणबाई म्हणाल्या. "पण थंड झाला."

"चालतंय," मामा म्हणाले.